तीनदा विचारायचं इंग्रजी

तीस वर्षांच्या नोकरीत मी चुकीचं इंग्रजी कधी शिकवलं नाही. पण निवृत्त झाल्यावर, अगदी बरोबर इंग्रजी शिकवून, मी एका बाईचं घर घालवता घालवता राहिले. आठवलं की अजून आधी स्वतःचा राग येतो आणि मग हुश्श होतं. हुश्श जास्त होतं, म्हणूनच सांगायला बसले आहे.

देवासच्या एका सरकारी कन्याशाळेत मी इंग्रजी शिकवत होते. शाळा हिंदी माध्यमाची, मुली माळवी बोलणाऱ्या आणि बाई मराठी. आमचे पूर्वज दरबाराच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. देवघरात आम्ही अजून असलं जुनं मराठी बोलतो की पुण्याचे पाहुणे गालात हसतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की आमचं "क्यों भिया" सुरू होतं. माझ्या भाचवंडांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. लग्नाची पत्रिका आली की ती मलाच वाचून दाखवावी लागते. थोडक्यात, दोन-तीन भाषांच्या उंबऱ्यावर उभं राहून इकडचं तिकडे करण्यातच माझा जन्म गेला.

निवृत्तीनंतर घरात बसून मी सगळ्या जगावर आणखीच चिडायला लागले. दूधवाल्यावर, शेजारच्यांच्या टीव्हीवर, उगाच मांजरावरसुद्धा. धारला दिलेली माझी धाकटी बहीण एक दिवस फोनवर म्हणाली, "ताई, तुला ओरडायला वर्ग पाहिजे. काढ एखादा." म्हणून काढला. बुधवारी आणि शनिवारी, दुपारी तीन ते साडेचार, माझ्या पुढच्या खोलीत. फक्त बायकांसाठी, आणि त्यातही ज्या देवासला नव्याने आल्या आहेत त्यांच्यासाठी. कुणी लग्न होऊन आलेली, कुणी नवऱ्याच्या नोकरीमागे, कुणी मुलांच्या शाळेपायी गाव सोडून आलेली. शाळेतून इंग्रजीत सूचना यायच्या आणि घरात त्या वाचणारं कुणी नसायचं. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना गावावरून हाक मारायची: नेमावरवाली, खातेगाववाली, लोहारदावाली. त्यांना त्याचा राग आला नाही. परक्या शहरात आपल्या गावाचं नाव कुणीतरी रोज घेतं, हे त्यांना बरंच वाटत असावं.

पहिला महिना मी पुस्तकातून शिकवलं आणि तो महिना पाण्यात गेला. पुस्तकातला एक माणूस दुसऱ्याला रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारत होता. खातेगाववाली ही आमच्यातली सगळ्यात मोठ्या तोंडाची. ती म्हणाली, "मॅडमजी, देवास में अंग्रेजी में रास्ता पूछा ना, तो लोग रास्ता नी बतायेंगे, फोटो खींचेंगे." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. खरंच होतं तिचं. या बायका स्टेशनवर जातच नव्हत्या. त्या जायच्या एकमेकींच्या घरी: बारशाला, हळदीकुंकवाला, कुणी आजारी असलं तर बघायला, कुणी गेलं तर बसायला. मग मी ठरवलं, इंग्रजीही तिथूनच शिकवायचं.

संक्रांतीचा तिळगूळ आम्ही इंग्रजीतून वाटला. बारशाच्या धड्याला नेमावरवालीने उशीला टोपडं घालून आणलं आणि प्रत्येकीने त्या उशीचं इंग्रजीतून कौतुक केलं. रंगपंचमीला "मे आय पुट कलर ऑन यू?" असं विचारून, उत्तर ऐकून मगच रंग लावायचा असा नियम होता. खातेगाववालीने विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आत माझ्या दोन्ही गालांना रंग फासला. दुखवट्याचाही एक धडा घेतला. त्यात मी एकच वाक्य शिकवलं आणि सांगितलं की यापुढे बोलू नका, नुसतं शेजारी बसा. इंग्रजीतही नुसतं बसता येतं.

मग चहापाण्याचा धडा आला. मी फळ्यावर लिहिलं, "वुड यू लाइक सम टी?" आणि त्याखाली उत्तर, "येस, प्लीज." खातेगाववाली यजमानीण, नेमावरवाली पाहुणी. यजमानणीने झोकात विचारलं. पाहुणीच्या तोंडून 'येस' काही निघेना. पाच वेळा विचारून झालं. शेवटी ती ओशाळून म्हणाली, "पहिल्यांदाच हो म्हणू? बाई, लोक म्हणतील घरून उपाशी आली आहे."

माळव्यात न राहिलेल्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे आग्रह असतोच, पण इथे त्याला मनुहार म्हणतात आणि तो रिवाजच आहे. यजमानाने वाढायला यायचं, पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा, यजमानाने "थोडो-सो तो लो, म्हारी सौगन" म्हणत हाताच्या बाजूने तुपातला बाफला, म्हणजे इथली बट्टी, सोडायचाच. पहिल्या बोलावण्याला हो म्हणेल तो पाहुणा हावरट, आणि पहिल्या नकाराला थांबेल तो यजमान कंजूस. दोघांचीही गावभर शोभा होते.

शाळेत असते तर मी पट्टी आपटून 'येस, प्लीज' वदवून घेतलं असतं. पण आता माझ्यावर कुणी निरीक्षक नव्हता, आणि मला एकदम हुशारी सुचली. मी 'येस, प्लीज' पुसून टाकलं आणि तीन ओळी लिहिल्या. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, "नो, थँक यू." दुसऱ्यांदा विचारलं की, "नो, रियली, थँक यू." तिसऱ्यांदा विचारलं की, "ऑल राइट, जस्ट अ लिटल." वर्ग असा खूश झाला की विचारू नका. इंग्रजीत मनुहार! मी स्वतःवर इतकी खूश होते की लगेच धारला फोन लावून बहिणीला सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, तू इंग्रजी शिकवतेस की पंगत वाढतेस?" मी म्हटलं, "दोन्ही."

त्यानंतर प्रत्येक वर्गाची सुरुवात तशीच व्हायला लागली. कुणी पोहे आणायचं, कुणी शेव, कुणी मठरी, आणि तीनदा विचारल्याशिवाय कुणाच्या हातावर काही पडायचं नाही. दोन महिन्यांत अशी स्थिती आली की 'वुड यू लाइक' कानावर पडायचा अवकाश, समोरून 'नो, थँक यू' आलंच. पाठांतर असावं तर असं. मला त्याचा फार अभिमान होता.

या सगळ्यात पक्की होती ती लोहारदावाली. वय बत्तीस-तेहतीस, बोलणं कमी, हात कामाचे. घराणं मराठी, शिंप्याचं, कितीतरी पिढ्या लोहारद्यात राहिलेलं. तिथे ती मुलांच्या एका वसतिगृहाचा स्वयंपाक सांभाळायची, साठ मुलांचा. पुढे वसतिगृह बंद पडलं. नवऱ्याला धार जिल्ह्यात, पीथमपूरच्या एका कारखान्यात काम मिळालं, पण राहायला चौघांत एक खोली. तिथे बायको-मुली न्यायच्या कशा? म्हणून ती दोन मुलींना घेऊन देवासला थोरल्या दिरांकडे, तिच्या जेठजींकडे, येऊन राहिली. दीर-जाऊ वाईट नव्हते. घर लहान होतं, एवढंच. दोन वर्षं राहिलेलं माणूस पाहुणं राहत नाही आणि घरचंही होत नाही. नवरा रविवारी यायचा, बाहेरच्या खोलीत भावाशी बोलत बसायचा आणि संध्याकाळच्या बसने परत जायचा. "बाई, हे येतात तेव्हा मी रोट्या करत असते आणि जातात तेव्हा भांडी घासत असते," ती एकदा म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

अशाच एका रविवारी नवऱ्याने बातमी आणली. त्याच्या कारखान्याजवळ एका कंपनीचं गेस्ट हाऊस होतं आणि ते सांभाळायला बाई हवी होती. स्वयंपाकावर देखरेख, खोल्यांची व्यवस्था, येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय. पाहुणे बाहेरदेशचे, तेव्हा कामापुरतं इंग्रजी यायला हवं. आणि मागच्या अंगाला राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर.

"कुटुंबासकट राहायचं, बाई," ती मला म्हणाली. जरा वेळाने परत म्हणाली, "कुटुंबासकट."

आम्ही महिनाभर दुसरं काही केलं नाही. गुड मॉर्निंग सर, युअर रूम इज रेडी. ब्रेकफास्ट इज अ‍ॅट एट. खातेगाववाली नवऱ्याची टोपी घालून परदेशी साहेब व्हायची आणि टेबलावर मूठ आपटून ओरडायची, "नो मिर्ची!" लोहारदावाली न डगमगता म्हणायची, "नो मिर्ची, सर. ओन्ली जिरा." ती मुलाखतीला गेली त्या गुरुवारी मी देवापुढे साखर ठेवली. माझ्या स्वतःच्या मुलाखतीला ठेवली नव्हती.

शनिवारी ती नेहमीच्या वेळेला आली, चपला नीट लावून ठेवल्या आणि तिच्या जागेवर बसली. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय झालं?"

"छान झालं, बाई. पण नाही झालं."

"म्हणजे काय?"

"सगळं विचारलं मॅडमनी. साठ पोरांचा स्वयंपाक सांगितला तं एकदम खूश झाल्या. क्वार्टर पण दाखवलं. नळ आहे तिथं, चोवीस घंटे पाणी. मग खुर्चीवर बसवलं मला आणि म्हणाल्या, वुड यू लाइक टू जॉइन अस?"

"मग?"

"मी म्हटलं, नो, थँक यू."

खोलीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला सोडून. माझ्या हातातला खडू तिथेच राहिला.

"त्या म्हणाल्या, आर यू शुअर? मी म्हटलं, नो, रियली, थँक यू. मग मी थांबली. त्या पण थांबल्या. मग उठल्या, थँक यू फॉर कमिंग म्हणाल्या आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिसऱ्यांदा विचारलंच नाही, बाई."

"दो बार में ही मान गई!" खातेगाववाली तावातावाने म्हणाली. "कैसे लोग हैं!"

माझं डोकंच फिरलं. "अगं, वेडी का तू?" मी ओरडले. "नोकरीला कुणी नको म्हणतं का? ती काय जिलबी होती?"

ती दचकली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला कळत होतं, बाई, की ही नोकरी आहे. पण तोंडातून तेच निघालं. आणि निघालं तं निघालं, मला वाटलं परत विचारतील ना. जेठजींकडे सगळं एकदाच विचारतात. पाहिजे का म्हणाले, मी नको म्हटलं, की झालं. या मॅडमनी दोनदा विचारलं. मला वाटलं, ज्यांनी दोनदा विचारलं ते तिसऱ्यांदा विचारतीलच."

मी खडू ठेवला आणि खुर्चीवर बसले. वेडी ती नव्हती. जगाचं इंग्रजी म्हणून मी तिच्या पदरात माझ्या पुढच्या खोलीचं इंग्रजी घातलं होतं, आणि वर त्याची फुशारकी मारत धारपर्यंत फोन केले होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"घरचे काय म्हणाले?" मी विचारलं.

"हे फोनवर काही नाही बोलले. चलो, ठीक है, म्हणाले."

त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. मी तिला सांगितलं, सोमवारी सकाळी सातला बसस्टँडवर ये, आपण दोघी जाऊ. ती म्हणाली, "कशाला परेशान होता, बाई." मी म्हटलं, "मी एकदाच सांगते आहे."

रविवारी बहिणीला फोन केला. हसेल म्हणून तयारीत होते, पण ती हसली नाही. म्हणाली, "जा. आणि चूक माझी म्हणून सांग. तिची म्हणून सांगू नकोस." धाकट्या बहिणी मोठ्या कधी होतात ते कळत नाही.

देवासहून इंदूर, इंदूरला गाडी बदलून पीथमपूर. ती खिडकीशी बसली होती आणि मी बोलायची वाक्यं मनात जुळवत होते. मध्येच मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. शाळेत असताना एकदा मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं होतं, मुख्याध्यापिकेची जागा घ्याल का. मी पदर सावरून म्हणाले होते, "छे, माझी कुठे तेवढी पात्रता." साहेब म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या बाईंना बोलावलं. पात्रता होती हो माझी. मला ती जागा पाहिजे होती. मी नुसती आणखी एकदा विचारण्याची वाट बघत होते. मी तेव्हापासून चिडकी झाले असं बहीण म्हणते, आणि बसमध्ये बसून मला ते पहिल्यांदा पटलं.

गेस्ट हाऊसच्या मॅडम पन्नाशीच्या, दक्षिणेकडच्या, सुती साडी आणि जाड चष्मा. हिंदी त्यांना जेमतेम यायचं, म्हणून आमचं बोलणं इंग्रजीत झालं. इथे ते मराठीत सांगते. त्यांनी आम्हाला बसवलं, टेबलावरचा थर्मास उघडला आणि मला विचारलं, "कॉफी घ्याल?"

"नको, नको, थँक यू," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि झाकण परत लावलं.

तीन तासांचा प्रवास, घशाला कोरड पडलेली, आणि तो वास. मी थर्मासकडे बघत राहिले. लोहारदावालीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला फिस्सकन हसू आलं. शनिवारपासून पहिल्यांदा हसली ती. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईची ही तऱ्हा, तर तिला काय बोल लावायचा?

मग मी सगळं सांगून टाकलं. मनुहार काय असते, मी वर्गात काय शिकवलं, तीन ओळी कशा पाठ करून घेतल्या. चूक माझी आहे, असं तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हणाले. मॅडम टेबलावर कोपर टेकून ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"माझ्या आईकडेही असंच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "पानावरून उठेपर्यंत वाढत राहायची. पण मी इथे कामावर असते. कामावर कुणी नको म्हणालं तर मी त्याच्या मागे लागत नाही, कारण बायकांच्या मागे लागणारे पुष्कळ असतात. मला वाटलं, हिला घरच्यांनी बळेच पाठवलं आहे आणि हिला यायचं नाही. म्हणून मी सोडून दिलं."

असाही अर्थ निघू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक कागद होता. आणखी दोघींची नावं आहेत, त्या म्हणाल्या, आज दुपारीच फोन करणार होते. मी घाईघाईने पुन्हा बोलायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तुम्ही फार छान बोलता," त्या म्हणाल्या. "पण नोकरी तुम्हाला द्यायची नाही."

आणि खुर्ची वळवून त्यांनी तिला सरळ विचारलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून: "डू यू वॉन्ट धिस जॉब?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं. या प्रश्नाचा धडा आम्ही घेतलाच नव्हता. उलट 'आय वॉन्ट' म्हणणं बरं दिसत नाही, असं मीच वर्गात बजावलं होतं. इंग्रजीत काय आणि मराठीत काय, 'मला पाहिजे' म्हणायला आमच्यापैकी कुणाला कुणी कधी शिकवलं होतं? माझे ओठ हलत होते आणि मॅडमचा हात अजून वरच होता. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, काहीही बोल.

"येस," ती म्हणाली.

मग थांबली. परत कुणी विचारणार नव्हतं. तेव्हा तिने हात ओढणीतून सोडवले आणि टेबलावर ठेवले.

"येस, मॅडम. आय वॉन्ट. माय हजबंड हिअर. माय डॉटर्स देअर. टू इयर्स. नो गुड. आय वॉन्ट वन हाऊस. सिक्स्टी बॉइज आय कुक, ट्वेंटी साहेब आय कॅन कुक. आय वॉन्ट. प्लीज गिव्ह."

दहावीच्या पेपरात हे लिहिलं असतं तर मी दहापैकी एक गुण दिला असता, आणि तोसुद्धा अक्षराला. पण मॅडमनी तो कागद घडी करून खणात टाकला. "पुढच्या सोमवारी या," त्या म्हणाल्या. "विथ फॅमिली."

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. रडू येतंय की हसू, तेही कळेना. मी सरळ थर्मास पुढे ओढला आणि म्हणाले, "आता मला कॉफी पाहिजे." मॅडम पहिल्यांदा मोठ्याने हसल्या आणि त्यांनी तीन कप काढले. लोहारदावालीने पहिल्यांदा विचारल्यावर कप घेतला आणि बशीत सांडलेल्यासकट संपवला. इतकी चांगली कॉफी मी त्याआधी प्यायले नव्हते, त्यानंतरही नाही.

तिथून तिच्या नवऱ्याचा कारखाना चालत दहा मिनिटांवर होता. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, माणसं झाडांच्या सावलीत डबे उघडून बसली होती. फोन करून बोलावल्यावर तो हातातला घास तसाच टाकून फाटकाबाहेर आला. सोमवारी, भर दुपारी, आम्हा दोघींना तिथे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आम्ही येणार हे तिने रविवारी त्याला सांगितलंच नव्हतं; त्याला वाटलं मुलींना काही झालं.

"मिळालं," ती म्हणाली. "मी मागितलं."

मग काय करावं ते न सुचून त्याने मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "मला कशाला? मी तर घालवायला निघाले होते."

"बाई, मी तेव्हा ठीक है म्हटलं ना," तो म्हणाला, "ते ठीक नव्हतं." एवढं बोलला आणि फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांत, ढसाढसा रडायला लागला. चाळिशीकडे झुकलेला गडी, अंगावर ग्रीसचे डाग पडलेला निळा शर्ट, त्याच शर्टाच्या बाहीने तो डोळे पुसत होता. आम्ही त्याला रडू दिलं.

"रविवारी मी घरी जातो ना," तो जरा वेळाने म्हणाला, "तर धाकटी पाणी आणून देते. आणि उभी राहून विचारते, पप्पा, जेवूनच जाणार ना? पाहुण्याला विचारतात तसं."

"आता नाही विचारणार," लोहारदावाली म्हणाली.